बातमी छापून झाल्यानंतर

जुलै सरत आला आणि घाटमाथ्यावर पावसाने ठाण मांडले की सांगलीत घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो, "आयर्विनला किती फूट?" कृष्णेवरील या पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि त्या आकड्याची भीती कायमची मनात बसली. स्थानिक पत्रकारिता आणि ती ज्यांच्यासाठी आहे तो समाज यांच्या नात्याचा विचार करताना मला प्रथम हा प्रश्न आठवतो, कारण तो वाचकाने स्वतः विचारलेला आहे आणि त्याचे नेमके उत्तर देणे दिल्ली-मुंबईतील कोणत्याही वाहिनीला शक्य नाही.

मी पलूस तालुक्यातील एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काम करते. सकाळी वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडणे, पाने लावणे आणि मग कोण काय वाचतो हे दिवसभर समोर पाहणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. त्यामुळे या विषयावर मी पत्रकार म्हणून बोलत नाही. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांच्या बाजूने बोलते आहे.

आयर्विनचा आकडा मिळाला म्हणजे उत्तर मिळाले, असे मात्र नाही. सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगर यांसारख्या सखल भागात राहणाऱ्या कुटुंबाला हवे असते ते हे, की पाणी आज रात्री आपल्या दारात येणार की उद्या सकाळी, गॅसची टाकी आणि मुलांची दप्तरे आत्ताच माळ्यावर टाकावीत की थोडे थांबावे, आणि जनावरे हलवायची तर कोणता रस्ता अजून उघडा आहे. माझ्या परिचयाच्या एका तरुण बातमीदाराने महापुरानंतरच्या उन्हाळ्यात याच प्रश्नावर काम केले. नदीकाठच्या वस्त्यांत घरोघर जाऊन त्याने लोकांना भिंतीवरील २००५ आणि २०१९ च्या पाण्याच्या खुणा दाखवायला सांगितल्या. एका घरात त्या काळाच्या रेघा देवघराच्या कोनाड्याखाली होत्या, तर दुसऱ्या घरी चुन्याचा नवा हात देताना आजीबाईंनी तेवढी वीतभर भिंत मुद्दाम न रंगवता सोडली होती. किती फुटांना कोणत्या गल्लीच्या तोंडाशी पाणी लागते आणि किती फुटांना ते उंबरा ओलांडते, याची यादी त्याने त्या त्या गल्लीतील जुन्या माणसांकडून तपासून घेतली. नंतर ती छापून आली तेव्हा लोकांनी तिचे कात्रण शिधापत्रिकेबरोबर जपून ठेवले. मी गेली अनेक वर्षे कात्रणे पाहते आहे. बहुतेक कात्रणे स्वतःचे नाव किंवा छायाचित्र आले म्हणून ठेवलेली असतात. उपयोगाचे म्हणून ठेवलेले कात्रण दुर्मीळ असते.

याच पुराने आपल्या वर्तमानपत्रांच्या रचनेतील एक मोठी उणीव उघडी केली, तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. सांगलीत येणारे पाणी सातारा जिल्ह्यात पडलेले असते. सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेच्या कोयना धरणातून सोडलेले पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, तिथून ते खाली येते, आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा येऊन मिळते. म्हणजे पाटण आणि कराडमधील पावसाची बातमी ही सांगलीकरांसाठी गावातलीच बातमी आहे. परंतु दैनिकांच्या आवृत्त्या जिल्ह्यांनुसार कापलेल्या असतात. साताऱ्याचे पान साताऱ्यात राहते, सांगलीचे सांगलीत. १९४९ पर्यंत हा एकच जिल्हा होता. नदीला ती विभागणी कळत नाही, आणि ऐन पावसाळ्यात वाचकालाही ती परवडत नाही. जाहिरातींच्या सोयीसाठी आखलेल्या आवृत्तीच्या सीमेऐवजी निदान जून ते सप्टेंबर या काळात खोऱ्याचे एक पान असावे, त्यात कोयना, धोम, कण्हेर आणि वारणा या धरणांचा साठा व विसर्ग, कराड आणि आयर्विन येथील पातळी आणि त्याचा अर्थ साध्या भाषेत द्यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. "पंचवीस हजार क्युसेकने विसर्ग सुरू" या ओळीचा आमच्या वाचनालयात येणाऱ्या शेतकऱ्याला काहीही बोध होत नाही. त्याला आपली पाणी उपसायची मोटार नदीवरून कधी काढायची एवढेच हवे असते.

८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि माणसे बुडाली. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस आमच्या भागात देशभरातील कॅमेरे होते. पाणी ओसरले, तसे ते गेले, आणि त्यांच्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. खरी कसोटी त्यानंतर होती. पंचनामे कसे झाले, कोणाचे नाव यादीत आले आणि कोणाचे राहिले, भाड्याच्या घरात राहणाऱ्याला मदत मिळाली का, कुजलेल्या उसाचे काय झाले, हे प्रश्न चिखल वाळल्यावर सुरू झाले आणि वर्षभर चालले. ज्या बातमीदारांनी ते वर्षभर धरून ठेवले त्यांना आजही नदीकाठच्या गावांत चहा घेतल्याशिवाय उठू दिले जात नाही. माझे सांगणे थोडक्यात हेच आहे की वर्तमानपत्र आणि गाव यांचे नाते बातमी छापण्याने जुळत नाही. छापून झाल्यानंतर बातमीदार परत येतो की नाही, यावर ते ठरते.

परत न येण्याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. शेजारच्या एका गावात नळपाणी योजनेचे भूमिपूजन झाले, आणि दुसऱ्या दिवशी एका दैनिकात चार कॉलमी छायाचित्रासह बातमी आली. नारळ, कुदळ, फेटे, व्यासपीठावरील प्रत्येकाचे नाव, योजनेची रक्कम, सर्व काही होते. जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट आहे, तेही बातमीत होते. पुढे पाइप गाडले गेले, दारोदार तोट्या बसल्या, आणि वरच्या आळीत पाणी चढलेच नाही. तिथल्या बायका पूर्वीसारख्याच हातपंपावर जातात. कोरड्या तोटीला कोणी दोरी बांधून शेळी अडकवली आहे. गावातील लोकांनी त्या दैनिकाच्या प्रतिनिधीला अनेकदा फोन केला. भूमिपूजनाची बातमी देणाऱ्याला पाणी न आल्याची बातमी द्यावीशी वाटली नाही, कारण पहिली बातमी त्याच्याकडे प्रेस नोट होऊन चालत आली होती आणि दुसरीसाठी वरच्या आळीत चढून जावे लागणार होते. त्या आळीतील दोघा-तिघांनी नंतर ते दैनिक घेणे बंद केले. वाचक यूट्यूबकडे वळले अशी हळहळ व्यक्त करणाऱ्यांनी हे कारणही हिशेबात धरावे.

त्याउलट, वर उल्लेख केलेल्या बातमीदाराजवळ एक लांबट, लाल पुठ्ठ्याची वही आहे. किराणा दुकानात उधारी लिहितात तशी. गावात गेला की लोक जे विचारतात ते तो त्यांच्यासमोर त्यांच्याच शब्दांत लिहितो, तारीख टाकतो, आणि उजवीकडची बाजू मोकळी ठेवतो. उत्तर मिळाले की तिथे ते लिहायचे, न मिळाल्यास कोणाकडे विचारले आणि कधी विचारले ते लिहायचे. एकदा त्याने ती वही वाचनालयात आणली होती. "डीपी जळून आठ दिवस झाले, कधी बदलणार?", "अंगणवाडीचा खाऊ दोन महिने आला नाही", "ऊस तुटून गेला, बिल कधी?" असे एकेका ओळीचे प्रश्न होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. परंतु कोणत्या कारखान्याने कोणत्या पंधरवड्याचे पैसे दिले आणि कोणते थकवले याचा तक्ता गळीत हंगामात दर आठवड्याला छापणारे स्थानिक पान मला अजून दिसलेले नाही. सांगली-साताऱ्याच्या निम्म्या घरांचा वर्षाचा हिशेब ज्या गोष्टीवर चालतो, तिची बातमी फक्त आंदोलन झाले तरच येते, हे मला खटकते.

बातमीदार परत का जात नाही, याचा विचार त्याच्यावर राग न धरता करायला हवा. तालुक्याच्या ठिकाणचे आणि गावोगावचे बहुतेक वार्ताहर पगारी नसतात. काहींना नाममात्र मानधन मिळते. अनेकांचे उत्पन्न म्हणजे त्यांनी मिळवलेल्या जाहिरातींवरील कमिशन. दिवाळी अंक, वर्धापनदिनाची पुरवणी, नेत्यांच्या वाढदिवसाचे विशेष पान यांचे उद्दिष्ट त्यांना ठरवून दिलेले असते. ज्या सरपंचाकडे, ज्या ठेकेदाराकडे, ज्या पतसंस्थेच्या अध्यक्षाकडे जाहिरात मागायला जायचे, त्याच्याच कामाची तपासणी करणारी बातमी त्याने लिहावी ही अपेक्षा त्या माणसावर अन्याय करणारी आहे. २००९ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात पैसे घेऊन बातम्या छापल्याचे प्रकरण पत्रकार पी. साईनाथ यांनी उघडकीस आणले, आणि पुढे प्रेस कौन्सिलनेही त्याची चौकशी केली. त्या वेळी मोठ्या नावांवर चर्चा झाली, ती योग्यच होती. गावपातळीवरील ही रोजची बांधिलकी मात्र चर्चेबाहेर राहिली. बातमी आणणारा आणि जाहिरात आणणारा माणूस वेगळा असला पाहिजे, ही पहिली अट आहे, आणि ती मालकांनीच पाळायची आहे.

दुसरी बाजू वाचकाची आहे. आपण चार-पाच रुपयांना जो अंक घेतो त्याचा कागद आणि छपाईचा खर्च त्याहून अधिक असतो. उरलेला भार जाहिरातदार उचलतो. भार उचलणाऱ्याचे वजन पडणारच. वाचनालयात वर्तमानपत्रे फुकट वाचायला मिळतात याचा मला अभिमान आहे, परंतु ज्यांच्या दारात दोन-दोन गाड्या उभ्या असतात त्यांनी स्थानिक अंकाची वर्गणी भरू नये आणि "आमच्या गल्लीचे कोणी लिहीत नाही" अशी तक्रार करावी, हे मला पटत नाही.

या भागाला पत्रकारितेची परंपरा नवी नाही. 'केसरी'चे पहिले संपादक आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढणारे गोपाळ गणेश आगरकर कराडजवळच्या टेंभूचे. आज टेंभू म्हटले की लोकांना कृष्णेचे पाणी खानापूर-आटपाडीकडे उचलून नेणारी सिंचन योजना आठवते, आणि त्यात काही वाईट नाही. आमच्याच तालुक्यातील किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले. एका कारखान्याचे पत्रक म्हणून सुरू झालेल्या त्या नियतकालिकाचे शंकरराव किर्लोस्करांनी महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक केले, आणि १९३० मध्ये 'स्त्री' हे मासिकही त्याच माळावरून निघाले. मोठ्या शहराशिवाय वाचक जोडता येत नाही, ही समजूत इथे शंभर वर्षांपूर्वीच खोटी ठरली आहे.

वाचनालयात सर्वांत आधी उघडले जाणारे पान कोणते, असे कोणी विचारले तर मी निधन वार्तांचे पान सांगेन. रक्षाविसर्जन कधी आणि कोठे, हे पाहिल्याशिवाय आमच्याकडची वयस्कर मंडळी पहिल्या पानाकडे येत नाहीत. त्यानंतर बाजारभाव, म्हणजे सांगलीच्या हळदीचा दर आणि तासगावच्या बेदाण्याचे सौदे. पत्रकारितेची चर्चा करणारे या मजकुराला दुय्यम समजतात. मला तो पाया वाटतो, कारण इथे चूक झाली तर ती दुपारपर्यंत उघडी पडते. रक्षाविसर्जनाची वेळ चुकली तर माणसे स्मशानभूमीत जाऊन परत येतात. जे वर्तमानपत्र ही वेळ अचूक छापते, त्याच्या धरणाच्या बातमीवरही लोक विश्वास ठेवतात. आणि चूक झालीच तर ती दुरुस्त करण्याची जागा कोठे आहे, हेही महत्त्वाचे आहे. चूक जितक्या ठळकपणे छापली गेली तितक्याच ठळकपणे दुरुस्ती यावी, अशी प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात दुरुस्ती येते ती आतल्या पानात, नोटिसांच्या खाली, भिंग लागेल अशा अक्षरांत. दर सोमवारी ठरावीक जागी "मागील आठवड्यात आमचे काय चुकले" अशी चौकट देणाऱ्या वर्तमानपत्राची विश्वासार्हता घटेल, असे मला मुळीच वाटत नाही.

विश्वासाची ही जागा रिकामी राहिली की तिथे काय येऊन बसते, ते आपण पाहिले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातील लवंगा येथे उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारी टोळी समजून मारहाण झाली. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा त्या काळात मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या, आमच्या वाचनालयातही लोक मला ते संदेश दाखवून "हे खरे आहे का?" असे विचारत असत. मी पोलीस ठाण्यात फोन करून विचारत असे आणि मिळालेले उत्तर फळ्यावर लिहीत असे. खरे तर हे काम ज्याचे आहे असा माणूस प्रत्येक मोठ्या गावात हवा, ज्याला लोक ओळखतात, ज्याचा क्रमांक त्यांच्याजवळ आहे, आणि ज्याने "मी ठाण्यात विचारले, असे काही घडलेले नाही" असे सांगितले तर ते ऐकले जाते. असा माणूस संकटाच्या दिवशी तयार होत नाही. तोटीला पाणी येत नाही तेव्हा जो आला होता, त्याचेच अफवेच्या रात्री ऐकले जाते.

आपल्या पानांवर कोण दिसत नाही, हाही प्रश्न वाचकांनी विचारायला हवा. गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि परिसरातून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, पाच-सहा महिने आमच्या गावांच्या कडेला कोप्या घालून राहतात, त्यांची मुले आमच्या शाळांच्या आसपास असतात. त्यांचा उल्लेख होतो तो ट्रॅक्टरची ट्रॉली उलटल्यावर. गावाच्या बातमीत बाई येते ती हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात किंवा गुन्ह्याच्या वृत्तात. पाणी, रेशन, दवाखाना या रोज तिच्याच अंगावर पडणाऱ्या विषयांवर तिला कोणी विचारत नाही, याचे एक कारण तालुक्याच्या पत्रकार संघांत स्त्रिया जवळपास नाहीत हे आहे. हे बदलता येते. उत्तर प्रदेशातील चित्रकूटमध्ये २००२ साली सुरू झालेले 'खबर लहरिया' ग्रामीण स्त्रियांनीच चालवले. आपल्या माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, आणि तिथे माणदेशातील माणसे आपल्या बोलीत बोलतात. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आकाशवाणीच्याच बातम्या प्रसारित कराव्या लागतात. निदान गावातील पाणीपुरवठा, शाळा, आरोग्य केंद्र यांच्या बातम्यांपुरते तरी हे बंधन सैल व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचकांना आणि संपादकांना समोरासमोर आणण्याची रीत आपल्याकडे तयार आहे. हा सहकाराचा मुलूख आहे. सोसायटी असो, दूध संघ असो वा कारखाना, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा भरते, अहवाल आधी घरी येतो, आणि सभासदाला उभे राहून विचारण्याचा हक्क असतो. स्थानिक वर्तमानपत्राने वर्षातून एकदा प्रत्येक तालुक्यात वर्गणीदारांची अशी सभा घ्यावी. वर्षभरात कोणते प्रश्न हाती घेतले, त्यांपैकी किती तडीस गेले, कोणते अर्धवट राहिले, उत्पन्नात वर्गणी किती, सरकारी जाहिराती किती आणि पुढाऱ्यांच्या शुभेच्छा किती, हे वाचून दाखवावे. प्रश्न अवघड येतील. परंतु तालुक्यातील पाच-पन्नास माणसे दुपारभर बसून आपल्या पानाबद्दल भांडतात, याहून अधिक मोलाची गोष्ट कोणत्याही संपादकाला मिळणार नाही.

तोवर आम्ही वाचनालयात एक काम हाती घेतले आहे. ग्रामसभेच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळी गावातील काही तरुण, बचत गटाच्या स्त्रिया आणि तालुक्यातील बातमीदारांपैकी ज्यांना जमेल ते एकत्र बसतात. ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च पाहता येतो. तो मोठ्याने वाचायचा, ज्या कामावर खर्च दाखवला आहे ते प्रत्यक्ष जाऊन पाहायचे, आणि शंका असेल तिथे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करायचा. अर्जाच्या उत्तराची मुदत तीस दिवसांची असते, ती तारीख फळ्यावर लिहून ठेवतो. पहिल्या बैठकीला बातमीदार आले तेव्हा स्त्रिया बोलायला कचरत होत्या. नंतर एकीने गटाराच्या खर्चाची ओळ ऐकून शांतपणे विचारले, की हे गटार नेमके कोणाच्या दारातून गेले आहे ते तुमच्यापैकी कोणी पाहिले आहे का. दोन बातमीदार लगेच उठून तिच्याबरोबर गेले. त्या गटाराची बातमी आली आहे, ग्रामपंचायतीचा खुलासाही छापून आला आहे, आणि काम पूर्ण झाले की नाही हे पाहायला पुढच्या महिन्यात पुन्हा जायचे ठरले आहे.